चेक इंजिनचा दिवा लागतो-जातो, वॉरंटी संपत आली आहे आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं ‘काही नाही’. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वॉरंटी पुढच्या महिन्यात संपतेय, हायवेला इंजिनचा पिवळा दिवा लागतो, काही दिवसांनी आपोआप जातो, आणि सर्व्हिस सेंटरने ‘स्कॅन केलं, कोड नाही’ म्हणत गाडी धुऊन परत दिली. शिवाय एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का, हेही विचारलंय. त्याचं नंतर बघू. आधी ते ‘कोड नाही’ बघू (कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने टिपलेला दोषाचा क्रमांक), कारण हेच वाक्य मी स्वतः ऐकलंय आणि त्यावरून आमच्या घरात अजून दोन पार्ट्या आहेत.

दिवा गेला म्हणजे दोष गेला, असं समजणारा माणूस माझा साडू आहे. गाडीतलं त्याला सगळं कळतं असं त्याचं म्हणणं, आणि दिवा दिसेनासा झाला की तो विषयही दिसेनासा करतो. प्रत्यक्षात बहुतेक गाड्यांत हा दिवा असा चालतो: गडबड एकदा दिसली की कॉम्प्युटर ती ‘पेंडिंग’ म्हणून टिपून ठेवतो. पुढच्या फेरीत (फेरी म्हणजे इंजिन चालू करून बंद करेपर्यंतचा एक प्रवास) पुन्हा दिसली की कोड पक्का होतो आणि दिवा लागतो. नंतर लागोपाठ तीन फेऱ्यांत गडबड दिसली नाही की दिवा विझतो. कोड मात्र आत तसाच राहतो, इंजिन साधारण चाळीस वेळा थंडाचं गरम होईपर्यंत. म्हणजे हायवेला दिवा लागला आणि तुम्ही चार दिवस घर-ऑफिस-भाजी मंडई केलीत, तर दिवा जाणारच. गडबड ज्या परिस्थितीत होते ती परिस्थितीच त्या चार दिवसांत आली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

माझी गाडी पेट्रोल, तीन सिलिंडर. कंपनी सांगत नाही, नाहीतर खाली कंपन्यांची भांडणं सुरू होतात. मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाट चढायला लागलं की तिसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरायची, आणि घाट संपेपर्यंत दिवा हजर. इगतपुरीला चहा पिऊन पुढे निघालं की गाडी लोण्यासारखी. (समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून बरेचजण बोगद्यातून निघून जातात. गाडी पारखायची असेल तर जुन्या घाटानेच या.) साडूचं निदान तयार होतं: पेट्रोलमध्ये भेसळ. सर्व्हिस सेंटरचंही तेच. नाशकात हल्ली कुणाचीही गाडी खोकली की आधी पेट्रोल नाहीतर इथेनॉल आरोपीच्या पिंजऱ्यात.

मी ऑनलाइन एक ओबीडी डोंगल मागवलं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र. हजार रुपयांच्या आसपास मिळतं. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात खोचायचं आणि मोबाइलवर कार स्कॅनरसारखं एखादं ॲप टाकायचं. साडू हसला. ‘खेळण्यातली गाडी घ्यायची राहिली होती का?’ असं सगळ्यांच्या पंगतीत विचारलं. हसू दे.

पुढच्या वेळी दिवा लागला तेव्हा कोड निघाला पी०३०२. म्हणजे दुसऱ्या नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. कोडपेक्षा मोलाची गोष्ट त्याच्या शेजारी असते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. गडबड झाली त्या क्षणाचा तो पंचनामा: वेग ५४, आरपीएम २,९००, इंजिनवरचा लोड ८८ टक्के, कूलंट ९७ अंश. तापलेलं इंजिन, चढ, दाबलेला ॲक्सिलरेटर. लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते व्होल्टेज पुरवणारी इग्निशन कॉइल आतून कमजोर झालेली असेल तर ती नेमकी तिथेच दगा देते. सपाटीवर तिचं भागतं. आणि भेसळ म्हणाल, तर भेसळीचं पेट्रोल तिन्ही सिलिंडर पितात. ते एकट्या दोन नंबरलाच कसं बाधतं, याचं उत्तर साडूकडून अजून यायचंय.

आदल्या रात्री स्क्रीनशॉट काढून मी गाडी सेंटरला दिली. ॲडव्हायझर मुलगा गोड बोलणारा. त्याने जॉब कार्डवर, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, ‘जनरल चेकअप’ लिहिलं. मी म्हटलं, तक्रार लिहा. म्हणाला, ‘सर, आधी स्कॅन करू, मग लिहू.’ संध्याकाळी फोन: ‘सर, कोड काहीच नाहीये, गाडी एकदम ओके.’

मी गेलो, पार्किंगमध्येच गाडीत बसलो, डोंगल लावलं. खरंच कोड नव्हता. पण ॲपमध्ये आणखी एक आकडा असतो, कोड पुसल्यापासून गाडी किती चालली त्याचा. आदल्या रात्री तो हजारांत होता. आता १ किलोमीटर. म्हणजे कोड होता, यांनी वाचला, पुसला, गेटपर्यंत एक फेरी मारली आणि मला फोन केला. ॲडव्हायझरला बोलावून दाखवलं. ‘सर, बॅटरी काढली असेल वॉशिंगच्या वेळी.’ बॅटरी काढली तरी हा आकडा शून्यावर येतो, हे खरं आहे. पण मग डॅशबोर्डवरचं घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर कसं? ट्रिप मीटर तसाच कसा? तो घड्याळाकडे बघत राहिला आणि ‘एक मिनिट हं सर’ म्हणून आत गेला.

मग वर्क्स मॅनेजर आले, चहा आला. मी चहा घेतला, पण कार्ड नवीन करून घेतलं. तक्रारीच्या रकान्यात: ‘चढाला गाडी थरथरते, चेक इंजिन दिवा लागतो, कोड पी०३०२, किलोमीटर इतके.’ खाली तारीख, शिक्का, सही. बॉनेट उघडल्यावर वर्कशॉपमधल्या पोराने पाच मिनिटांत जे केलं ते ॲडव्हायझरला आधी का सुचलं नाही, देव जाणे. त्याने दोन नंबरच्या कॉइलवर पांढऱ्या मार्करने फुली मारली, दहाच्या पान्याने बोल्ट काढला, आणि ती कॉइल तीन नंबरवर व तीनची दोनवर बसवली. म्हणाला, ‘साहेब, आता घाट चढून या. तीनशे तीन आला तर कॉइल मेली, तीनशे दोनच आला तर प्लग नाहीतर इंजेक्टर बघू.’ घाट चढलो. पी०३०३. कॉइल वॉरंटीत बदलून मिळाली, आणि गाडी तेव्हापासून घाट गुमान चढते.

साडूचं म्हणणं, ‘मिळालीच असती, भांडायची काय गरज होती?’ त्याच्या स्वतःच्या गाडीला असाच लागता-जाता दिवा होता. भांडण नको म्हणून त्याने वॉरंटी शांतपणे संपू दिली. मिसफायरचं न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि त्याला आतून वितळवतं. साडूला पाच आकडी बिल आलं. पेट्रोल पंपाला शिव्या अजून चालू आहेत.

तर तुम्ही काय करायचं. सेंटरला जायच्या आधी कोड आणि फ्रीझ फ्रेम स्वतः वाचा, स्क्रीनशॉट ठेवा. पेटलेला दिवा आणि ओडोमीटर एकाच चौकटीत येईल असा व्हिडिओ काढा. कोड स्वतः चुकूनही पुसू नका, ॲपमधलं ते बटण फार मोहाचं असतं. तक्रार तुमच्या शब्दांत जॉब कार्डवर चढलीच पाहिजे. ‘सॉफ्टवेअर अपडेट केलं’ असं सांगितलं तर तेही लिहून घ्या. त्याच दिवशी कंपनीच्या कस्टमर केअरला चॅसिस नंबर टाकून मेल करा. वॉरंटीच्या मुदतीत नोंदवलेली तक्रार मुदतीनंतर पुन्हा उगवली तर भांडायला जागा राहते. तोंडी सांगितलेल्याला काडीची किंमत नाही. बाहेरच्या मेकॅनिकला आत्ता हात लावू देऊ नका. तुमचा माणूस कितीही हुशार असो, कॉइलवरचा त्याचा पान्याचा ओरखडा उद्या तुमच्याच विरुद्ध जाईल. दाद लागलीच नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगात जायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. तिथेही पहिला प्रश्न जॉब कार्डचाच येतो.

एक्स्टेंडेड वॉरंटी: साधारणपणे मूळ वॉरंटी चालू असतानाच घ्यावी लागते, त्यामुळे ठरवायचं तर आत्ताच. माझं मत, आधी हा दोष मूळ वॉरंटीत मिटवा. दोष अंगावर घेऊन एक्स्टेंडेड घेतलीत तर ‘हा आधीपासूनचा होता’ ऐकायची तयारी ठेवा. वगळलेल्या भागांचं पान आधी वाचा, माहितीपत्रकातला हसरा परिवार नंतर बघा.

आता काही राहिलेलं. दिवा मिचमिचत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, ॲक्सिलरेटर सोडा, गाडी जोरात दामटू नका. तो जोराचा मिसफायर असतो आणि कन्व्हर्टर जायची वेळ आलेली असते. लाल रंगाचा ऑइलचा किंवा टेंपरेचरचा दिवा असेल तर थांबा, इंजिन बंद करा, टोइंग बोलवा. फार स्वस्त डोंगल काही गाड्यांशी बोलतच नाहीत, आणि कोड पुसल्यानंतरच्या अंतराचा आकडा सगळ्याच गाड्या देत नाहीत, तेव्हा माझ्यासारखा पुरावा मिळेलच असं नाही. काम झालं की डोंगल काढून ठेवा, रात्रभर लावून बॅटरी उतरली तर सेंटरला आयतं कारण मिळेल. आणि डिझेल असेल तर गोष्ट वेगळी. शहरात रखडणाऱ्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळीने भरतो, त्याचा दिवा हायवेला सलग पळवल्यावर बरेचदा जातो, आणि तिथे ‘गेला म्हणजे गेला’ हे बऱ्यापैकी खरं असतं. (साडूची गाडी डिझेल नाही.)

तुमची पेट्रोल की डिझेल ते तुम्ही लिहिलेलंच नाही. कोड वाचलात की तो आणि फ्रीझ फ्रेमचे आकडे खाली टाका, म्हणजे पुढचं सांगता येईल.