इंग्रजीतील लांब, औपचारिक वाक्यांत ऐच्छिक स्वल्पविराम द्यावेत की टाळावेत?

व्याकरणाच्या दृष्टीने दिला तरी चालतो आणि न दिला तरी चालतो, असा स्वल्पविराम लांब इंग्रजी वाक्यात वाचकाला मदत करतो की त्याच्या वाटेत येतो, असे आपण विचारले आहे. करारनामे, नियमावल्या आणि कार्यालयीन पत्रे इंग्रजीतून मराठीत आणणे हे माझे रोजचे काम आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, वाक्याच्या आरंभीचा भाग कोठे संपला हे दाखवणारा ऐच्छिक स्वल्पविराम जवळजवळ नेहमीच द्यावा आणि केवळ दम घेण्यासाठी दिलेला निःशंकपणे काढून टाकावा.

‘आफ्टर द कमिटी मेट द चेअरमन रिझाइन्ड’ हे वाक्य पाहा. समिती अध्यक्षांना भेटली असे समजून आपण पुढे जातो, ‘रिझाइन्ड’पाशी अडखळतो आणि मागे येऊन वाक्य नव्याने जुळवतो. ‘मेट’नंतर स्वल्पविराम दिला की हा फेरा वाचतो. हेच आपण मराठीत ‘समितीची बैठक झाल्यावर अध्यक्षांनी राजीनामा दिला’ असे लिहितो तेव्हा ‘झाल्यावर’ या रूपानेच पहिला भाग संपल्याचे कळते आणि ‘अध्यक्षांनी’ या शब्दातला प्रत्यय कर्ता कोण ते सांगतो. इंग्रजीत प्रत्ययांचे हे काम बहुतांशी शब्दक्रमाकडे असते आणि क्रमाने जेथे संदिग्धता येते तेथे स्वल्पविरामालाच ती दूर करावी लागते. मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्याला त्याची उणीव जाणवत नाही याचे कारण मला हेच वाटते. अर्थ संदिग्ध होत नसेल तर पाच-सहा शब्दांच्या आरंभाला एक वेळ तो नसला तरी निभावते. पंचवीस शब्दांच्या आरंभाला निभावत नाही.

उलट बाजूची चूकही आपल्याकडे सर्रास दिसते. कर्ता लांबला की लिहिणारा मनातल्या मनात थांबतो आणि त्या थांब्यावर, क्रियापदाच्या अगदी आधी, स्वल्पविराम ठेवून देतो. हा ऐच्छिक नव्हे, चुकीचाच आहे, कारण तो कर्त्याला त्याच्या क्रियापदापासून तोडतो. वाक्याच्या मध्ये घातलेल्या शब्दसमूहाला स्वल्पविराम द्यायचे तर दोन्ही बाजूंना द्यावेत, नाहीतर एकही देऊ नये.

भाराभर स्वल्पविरामांना माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे: त्यांच्यामुळे, जेथे स्वल्पविराम नाही त्या जागेचा अर्थ नाहीसा होतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० याच्या कलम २७ मध्ये पूर्वी ‘मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल’ अशी शब्दरचना होती. औषधाचा नुसता साठा बाळगणे हा या कलमाखाली गुन्हा ठरतो का, असा प्रश्न मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ‘स्टॉक्स’नंतर स्वल्पविराम नाही, म्हणून ‘विक्रीसाठी’ ही अट साठ्यालाही लागू होते आणि विक्रीचा हेतू नसलेला साठा या कलमात बसत नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. हा निर्णय १९७९च्या निर्णयसंग्रहांत आहे. याच न्यायालयात १९५२ साली, अश्विनीकुमार घोष प्रकरणात, कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हे हा गौण घटक मानावा असे म्हटले गेले होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. तरीही एका नसलेल्या चिन्हावरून अर्थ काढता आला, तो आधीच्या दोन्ही ठिकाणी चिन्ह नेमके पडले होते म्हणून.

यादीतील शेवटच्या ‘ऑर’पूर्वीचा स्वल्पविराम हा ऐच्छिकांतला सर्वांत वादग्रस्त. अमेरिकेतील मेन राज्याच्या जादा कामाच्या मोबदल्याविषयीच्या कायद्यात ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ या शब्दांत तो नव्हता. त्यामुळे मोबदल्यातून वगळलेले काम वितरणाचे की वितरणासाठीच्या पॅकिंगचे, हा वाद ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांनी न्यायालयात नेला आणि २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला; पुढे ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली. राज्याने नंतर त्या यादीत अर्धविराम घातले. कायदेशीर मजकुरात हा स्वल्पविराम मी न विसरता देण्याचा सल्ला देईन.

शेवटी माझ्या टेबलावरचे एक वाक्य सांगतो. ‘द अथॉरिटी शॅल, आफ्टर ड्यू व्हेरिफिकेशन ऑफ द डॉक्युमेंट्स, विदिन थर्टी डेज, कम्युनिकेट इट्स डिसिजन’ असे ते होते. तीनही स्वल्पविराम व्याकरणाला धरून होते, पण तीस दिवसांत पडताळणी करायची की पडताळणीनंतर तीस दिवसांत निर्णय कळवायचा, हे त्यांतून ठरत नव्हते, आणि मराठीत तर दोहोंपैकी एक निवडल्यावाचून वाक्यच पुरे होईना. मसुदा करणाऱ्यांना विचारले तेव्हा कळले की अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत दोन्ही कामे व्हायची होती. मग इंग्रजी वाक्यच बदलून घेतले: ‘विदिन थर्टी डेज ऑफ रिसिव्हिंग द ॲप्लिकेशन, द अथॉरिटी शॅल व्हेरिफाय द डॉक्युमेंट्स अँड कम्युनिकेट इट्स डिसिजन’. तिनांपैकी एकच स्वल्पविराम उरला आहे. तोही ऐच्छिकच आहे, आणि तो मी आग्रहाने ठेवायला लावला.