इंजिन बदलले आणि पीयूसी अडली

प्रश्न : माझ्याकडे २०१८ सालची बीएस-४ पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या पावसाळ्यात गोदावरीचे पाणी रस्त्यावर आलेले असताना गाडी त्यातून काढायला गेलो, इंजिनाने पाणी ओढले आणि कनेक्टिंग रॉड वाकला. नवे इंजिन परवडण्यासारखे नव्हते, म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या बाजारातून त्याच कंपनीचे, त्याच सीसीचे, पण आधीच्या मॉडेलचे इंजिन आणून बसवले. गाडी चालायला चांगली आहे, मात्र ॲव्हरेज घटले आणि पीयूसी केंद्राने नापासाची चिठ्ठी हाती दिली. तिच्यावर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.६२ टक्के, एचसी (हायड्रोकार्बन) २४० पीपीएम आणि वाढीव आरपीएमला सीओ १.३५ टक्के, लॅम्बडा (हवा-पेट्रोलचे प्रमाण) ०.९६ असे आकडे आहेत. मिस्त्री म्हणतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, नवा टाका. एक परिचित म्हणतात, इंजिन बीएस-३ चे आहे, तर जुन्या मर्यादेने तपासायला सांगा. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, गंगाखेड (जि. परभणी)

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नये. परिचितांचा मुद्दा आधी निकालात काढू. पीयूसीची मर्यादा इंजिनाच्या जन्मसालावर नव्हे, तर गाडीच्या नोंदणीवर ठरते, आणि केंद्राचा संगणक ती माहिती सरकारच्या ‘वाहन’ या नोंदणी प्रणालीतून घेतो. तुमची गाडी कागदोपत्री बीएस-४ असल्यामुळे तिला आयडलला सीओ ०.३ टक्के व एचसी २०० पीपीएम, तर २५०० च्या आसपासच्या आरपीएमला सीओ ०.२ टक्के आणि लॅम्बडा ०.९७ ते १.०३ हीच मर्यादा लागू राहील. बीएस-३ ची ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम ही सवलत तुम्हाला मिळणार नाही. मिळाली असती तरी तुमचा सीओ तिच्याही तिप्पट आहे.

आता कन्व्हर्टर. चिठ्ठीवरचा सर्वांत बोलका आकडा सीओचा नसून लॅम्बडाचा आहे, आणि बहुतेक गॅरेजांत नेमका तोच वाचला जात नाही. कन्व्हर्टर सीओ आणि एचसी यांना धुरात उरलेल्या ऑक्सिजनशी जोडून त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतो. पण मुळात किती हवेत किती पेट्रोल मिसळले गेले, हे प्रमाण सिलिंडरमध्येच ठरलेले असते आणि ते कन्व्हर्टरला बदलता येत नाही. त्यामुळे लॅम्बडा कन्व्हर्टरच्या अलीकडे मोजा की पलीकडे, तो जवळजवळ तोच येतो. १.०० म्हणजे नेमके प्रमाण; तुमचा ०.९६ आहे, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त जात आहे आणि दोष कन्व्हर्टरच्या आधीचा आहे. पिठात पाणी जास्त झाले असेल तर तवा बदलून भाकरी सुधारत नाही. उलट जास्तीच्या पेट्रोलमुळे नवा कन्व्हर्टरही लवकर निकामी होऊ शकतो आणि तो पैसा वाया जाईल. लॅम्बडा १.०० च्या जवळ असता आणि तरीही सीओ अर्धा-पाऊण टक्का आला असता, तर मिस्त्रींचा संशय रास्त ठरला असता.

पेट्रोल जास्त का जाते, हे शोधण्यासाठी स्कॅनर लावून इंजिन पूर्ण गरम असताना लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम (इंजिनाचा संगणक) ठरल्या मापापेक्षा पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो तो आकडा, पाहावा. तो साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असावा. तो अधिक २० च्या घरात असेल, तर ईसीएमला मिश्रण पातळ असल्याचा भास होत आहे आणि तो स्वतःहून पेट्रोल वाढवत आहे. इंजिन बदललेल्या गाडीत याचे नेहमीचे कारण म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डची (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाची) जुनीच गॅस्केट पुन्हा बसवलेली असणे किंवा एखादा स्टड तुटलेला असणे. त्या फटीतून आत शिरलेली हवा धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला फसवते. सकाळी थंड इंजिन सुरू करून मॅनिफोल्डजवळ कान द्यावा, फुस्‌फुस् ऐकू येते; गॅस्केटच्या कडेला काजळीची रेघही दिसते. ट्रिम उणे २० असेल, तर ईसीएम पेट्रोल कमी करून थकला आहे, आणि मग गळणारे इंजेक्टर, जास्त फ्युएल प्रेशर किंवा ऑइलमध्ये उतरलेले पेट्रोल यांकडे पाहावे. ऑइलच्या डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर आधी ऑइल बदलावे, कारण त्याची वाफ ब्रीदरच्या नळीतून पुन्हा इंजिनातच जाते.

ट्रिम शून्यावर खिळून असेल, तर ईसीएम ऑक्सिजन सेन्सरचे ऐकतच नाही, आणि तुमच्या बाबतीत मला याचीच दाट शंका आहे. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जाणाऱ्या आपल्या भागात, गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचे पाणी अडवणारी झडप) काढून फेकण्याची आणि पंखा डायरेक्ट करण्याची खोड जुनी आहे. जुन्या बाजारातल्या इंजिनात थर्मोस्टॅट नसण्याची शक्यता बरीच असते. अशा वेळी इंजिन पुरेसे गरमच होत नाही, ईसीएम त्याला थंड समजून, ऑक्सिजन सेन्सरकडे न पाहता पेट्रोल वाढवतो आणि ॲव्हरेजही पडते. तपासणी सोपी आहे. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवावा. थर्मोस्टॅट असेल तर होज बराच वेळ गार राहून मग एकदम तापतो. नसेल तर पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जातो.

होज हात लावू देत नाही, पण स्कॅनर मात्र ५० अंश दाखवतो, असे आढळले तर टेंपरेचर सेन्सरचा मेळ बसत नाही. जुन्या मॉडेलचा सेन्सर त्याच आट्यांत बसतो, परंतु त्याचा रोध वेगळा असू शकतो आणि ईसीएम तुमच्या २०१८ च्या गाडीचा आहे. म्हणून ईसीएम ज्या वस्तू वाचतो किंवा चालवतो, म्हणजे सर्व सेन्सर, इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी, त्या शक्यतो तुमच्या मूळ इंजिनावरूनच काढून लावाव्यात. ते इंजिन अजून भंगारात दिले नसेल तर देऊ नये. गाडी पाण्यातून गेलेली असल्याने ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट गंज आहे का, हे पाहावे. इंजिन उतरवताना सोडलेली अर्थिंगची पट्टी परत लावायची राहून जाते, तीही तपासावी : हेडलाइट आणि एसी चालू ठेवून मल्टिमीटरने ब्लॉक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात मोजल्यास ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा.

दुरुस्तीनंतर लॅम्बडा १.०० वर आला आणि तरीही सीओ उतरला नाही, तरच कन्व्हर्टरचा विचार करावा. फेरतपासणीला गाडी चांगली चालवून, गरमागरम न्यावी आणि रांगेत इंजिन बंद ठेवून उभे राहू नये; कन्व्हर्टर थंड असताना काम करत नाही.

कागदांचेही एक राहिले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला देऊन नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवावा लागतो. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. मुदत उलटली असली तरी खरेदीची पावती आणि ज्या गाडीचे इंजिन आहे तिचे कागद घेऊन परभणीच्या कार्यालयात जावे, कारण क्रमांक जुळला नाही तर विम्याचा दावा अडू शकतो.

प्रश्न : माझ्या २००८ सालच्या डिझेल पिकअपला दुसरे इंजिन बसवले. पीयूसीत धुराचा आकडा ३.१ आला. लॅम्बडा कुठेच नाही. काय पाहावे?
— एक वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : डिझेलला लॅम्बडा मोजत नाहीत, रिकाम्या गिअरवर ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून धुराची दाटी मोजतात. बीएस-४ पूर्वीच्या गाडीला २.४५ ची मर्यादा आहे. धूर काळा असेल तर आधी एअर फिल्टर आणि टर्बो असल्यास त्याचा होज पाहावा, नंतर इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचे टायमिंग. ओढ वाढावी म्हणून पंपाचा मोठा स्क्रू कोणी फिरवला आहे का, हे मिस्त्रींना स्पष्ट विचारावे. फिरवला असल्यास पंप टेस्ट बेंचवर लावून मूळ मापावर आणणे भाग आहे. धूर निळसर असेल तर रिंग किंवा टर्बोचे सील गेले आहे आणि इंजिन विकणाऱ्याकडे परत जाणेच बरे.