थंडीत घर गरम ठेवणारी फर्नेस मध्येच बंद पडते? आधी हे बघा

घाबरू नका, बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. सगळ्यात आधी हवेचा फिल्टर काढून दिव्यासमोर धरा. उजेड आरपार येत नसेल तर बदलाच. हवा अडली की फर्नेस आतून फार तापते आणि लिमिट स्विच हा सुरक्षेचा स्विच बर्नर बंद करतो. कडाक्याच्या थंडीत ती जास्त वेळ चालते, म्हणून दुखणं तेव्हाच उघडं पडतं.

मग:
- हवा आत घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या बाहेरच्या पाइपांची तोंडं बर्फाने बुजलीत का?
- पाण्याचा निचरा करणारी नळी गोठली आहे का?

सारखं रीसेट करत बसणं ही नवख्यांची नेहमीची चूक. लिमिट स्विच तर कधीच बायपास करू नका! कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म वाजला तर सगळ्यांना घेऊन लगेच बाहेर पडा.