ऑस्ट्रासिझम म्हणजे वाळीत टाकणं? छे, ते खापराचं काम आहे

प्रश्न असा आलाय: 'प्राचीन अथेन्समधल्या ऑस्ट्रासिझमला मराठीत काय म्हणावं? स्पर्धापरीक्षेच्या एका गाइडमध्ये वाळीत टाकणे दिलंय, दुसऱ्यात बहिष्कार, तिसऱ्यात निर्वासन. आणि हे मतदान शिंपल्यांवर करायचे हे खरं का?'

ऑस्ट्रासिझम म्हणजे लोकांनी मत देऊन एखाद्याला दहा वर्षं शहराबाहेर काढायची अथेन्सची पद्धत. तुमचं शेवटचं आधी घेतो, कारण हे शिंपल्यांचं प्रकरण ऐकून ऐकून कान किटलेत. नाही हो, शिंपल्यांवर नाही! परवाच एका व्हिडिओत एक सर अगदी रंगवून सांगत होते की अथेन्सचे लोक समुद्रकाठचे म्हणून शिंपल्यांवर नावं लिहायचे. समुद्रकाठचे होते, मान्य, पण म्हणून कालवं खाऊन टरफलावर मत द्यायचे असं होत नाही. ग्रीकमध्ये ऑस्ट्राकॉन म्हणजे कठीण कवच, मग ते शिंपल्याचं असो, कासवाचं असो नाहीतर फुटक्या मडक्याचा तुकडा असो. इंग्रजीतून 'शेल' वाचून आलेल्या माणसाने सरळ शिंपला घेतला आणि मोकळा झाला. मतदान व्हायचं ते मडक्याच्या तुकड्यावर, म्हणजे शुद्ध मराठीत खापरावर. पपायरस, म्हणजे त्या काळचा कागद, इजिप्तहून यायचा, महाग पडायचा, फुटकी मडकी मात्र घरोघरी फुकट. आणि ही खापरं जमिनीतून निघालीत, ढिगाने. अथेन्सच्या केरामेइकोस भागात एकट्या ठिकाणी आठ हजारांहून जास्त सापडली (केरामेइकोस म्हणजे कुंभारवाडाच, सिरॅमिक त्यातलंच). शिंपल्यावरचं एकही मत मी पुराव्यानिशी बघितलेलं नाही, कुणाकडे असेल तर दाखवा.

आता वाळीत टाकणं. इंग्रजीत आज 'त्याला ऑस्ट्रासाइज केलं' म्हणतात तिथे वाळीत टाकलं म्हणायला काहीच हरकत नाही, त्यावर वेळ घालवत नाही. पण अथेन्सच्या मूळ प्रकाराला वाळीत म्हणणं म्हणजे त्या बिचाऱ्या अथेन्सवाल्यांवर अन्याय आहे. वाळीत टाकतात ती जात किंवा भावकी, तिथे पाणी तोडतात, लग्नकार्य तोडतात, मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही, पोराबाळांसकट सगळं घर भरडलं जातं आणि मुदत काही नाही, दंड भरून पाया पडेपर्यंत. महाराष्ट्राला त्यासाठी २०१६ साली वेगळा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा करावा लागला. अथेन्समध्ये काय होतं बघा: दरवर्षी एकदा लोकसभेत (म्हणजे त्यांच्या एक्लेसियात) फक्त एवढंच विचारायचं की यंदा खापरं काढायची का? नाव कुणाचंच नाही, आरोप नाही, बचावाचं भाषण नाही. हो म्हणाले तर काही आठवड्यांनी अगोरात म्हणजे भर चौकात कुंपण घालायचे, दहा जमातींना दहा दरवाजे, आणि प्रत्येकाने आपापल्या घरून खरवडून आणलेलं खापर आत टाकायचं. ज्याचं नाव सगळ्यात जास्त त्याने दहा दिवसांत गाव सोडायचं, दहा वर्षं परत यायचं नाही. पण घरदार जप्त नाही, जमिनीचं उत्पन्न चालू, अब्रूला डाग नाही, आणि परत आला की पूर्ण नागरिक.

याच्या सगळ्यात जवळचा मराठी शब्द कोणता? तडीपार! हसू नका, नीट बघा. तडीपाराला तुरुंग नाही, मालमत्ता शाबूत, मुदत ठरलेली (आपल्याकडे जास्तीत जास्त दोन वर्षं, त्यांच्याकडे दहा) आणि हद्द आखून दिलेली. अथेन्सनेही इ.स.पू. ४८० च्या सुमाराला हद्द आखली, गेराइस्तोस आणि स्किलायॉन या दोन भूशिरांच्या हिशोबाने, अगदी 'अमुक जिल्ह्यांतून' म्हणतात तसं. फरक एवढाच की आपल्याकडे तडीपार पोलीस करतात आणि बहुतेक गुंडाला करतात, तिथे लोक करायचे आणि बहुतेक पुढाऱ्याला करायचे. कुणाला कुठली पद्धत बरी वाटते ते मी विचारत नाही.

निर्वासन चालेल, पण मचूळ शब्द आहे आणि त्यात खापर कुठंय? शिवाय साध्या हद्दपारीसाठी ग्रीकांकडे वेगळा शब्द आहेच, एक्सोरिया. एक्स म्हणजे बाहेर, होरोस म्हणजे सीमा, म्हणजे शब्दशः आपला हद्दपार. हा होरोस सीमेच्या दगडावर कोरलेला असायचा, अथेन्सच्या अगोरात असे दगड सापडलेत ज्यावर दगडच बोलतो, 'मी अगोराची सीमा आहे'. आणि हाच एक्सोरिया विसाव्या शतकात ग्रीसच्या घराघरात पोचला, कारण यादवी युद्धात १९४७ पासून माक्रोनिसोस बेटावर आणि पुढे १९६७ च्या लष्करी राजवटीत यारोस बेटावर डाव्या लोकांना डांबलं ते याच नावाखाली. तिथे कुणी खापरं मोजली नव्हती. म्हणून दोन्हीला एकच 'निर्वासन' लावू नका एवढंच म्हणणं.

आता मुद्द्याचं. खापर.

आपला खापर आला संस्कृत कर्पर किंवा खर्पर वरून, प्राकृतात खप्पर, जोगिणीच्या हातातलं खप्पर तेच. आता कर्परचे अर्थ कोशात काढून बघा: मडकं किंवा त्याचा तुकडा, माणसाची कवटी, कासवाची पाठ. आणि ऑस्ट्राकॉनचे वर सांगितलेच: मडक्याचा तुकडा, कासवाची पाठ, शिंपला. दोन्ही शब्दांचं मूळ वेगळं बरं का, नातं लावायला जाऊ नका, पण दोन्ही भाषांना भांडं आणि हाडाचं कवच एकच वाटलं. लॅटिनवाले त्याही पुढचे, टेस्टा म्हणजे मातीचं भांडं, त्याचंच फ्रेंचमध्ये डोकं झालं, तेत. आपणही डोकं फिरलं की मडकं म्हणतोच की.

पण खरी गंमत ऑस्ट्राकॉनच्या मुळात आहे. ग्रीकमध्ये ऑस्टेऑन म्हणजे हाड (ऑस्टिओपोरोसिस आठवा, आजीच्या ठिसूळ हाडांमुळे हा शब्द सगळ्यांना पाठ आहे) आणि ऑस्ट्राकॉन त्याच कुळातला. आणि ऑस्टेऑनचा सख्खा भाऊ म्हणजे संस्कृत अस्थि! म्हणजे अथेन्सच्या चौकात पडलेलं खापर, हॉटेलातलं ऑयस्टर आणि आपण नाशिकला नेतो त्या अस्थी हे सगळे एका गोत्रातले. माझ्या हिशोबाने यात अजून एक मराठी पाहुणी आहे, ती म्हणजे फणसाची आठळी. फळाचं हाड म्हणजे आठळी, तिच्यातला 'ठ' संस्कृतातल्या अष्ठि, अष्ठीला या रूपांतून आलाय आणि तीही अस्थीच्याच घरातली. म्हणून कोकणात आठळ्या घालून कालवांचं कालवण कुणी केलं तर ती एका अर्थी भाऊबंदकी आहे. असो.

एका गृहस्थांनी मागे छातीठोकपणे लिहिलं होतं की ऑस्ट्राकॉन हा 'अस्त्र' वरून आला, मतदान हे लोकांचं अस्त्र म्हणून. नाव घेत नाही, पण अशी व्युत्पत्ती म्हणजे कानाला गोड लागलं की जुळवलं. अस्त्र येतो 'अस्' म्हणजे फेकणे या धातूवरून. खापर पण फेकतातच ना, असा त्यांचा प्रतिवाद होता. यावर काय बोलणार.

आता माझी स्वतःची थिअरी, जी बऱ्याच जणांना पटत नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. 'खापर फोडणे' हा वाक्प्रचार, दुसऱ्याच्या माथी दोष मारणे. नेहमीचं स्पष्टीकरण असं देतात की स्मशानात मडकं फोडतात तिथून आला. पण मयताच्या मडक्यात दोष कुणाचा? दोषाचं मडकं वेगळं आहे आणि ते धर्मशास्त्रात आहे, घटस्फोट. हो, आज कोर्टात होतो तोच शब्द, पण त्याचा जुना अर्थ नवराबायकोचा नव्हताच, पतिताला नात्यातून काढायच्या विधीला घटस्फोट म्हणायचे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सगळं दिलंय: नातेवाइकांनी गावाबाहेर, वाईट दिवस बघून, संध्याकाळी जमायचं, आणि दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने उलटवायचा, प्रेताला करतात तसं. माणूस जिवंत, पण घरच्यांना मेला. त्याने प्रायश्चित्त घेतलं की त्याच्याबरोबर सगळ्यांनी आंघोळ करून नवा भरलेला घडा पाण्यात सोडायचा आणि त्याला परत घ्यायचं. म्हणजे दोषी ठरवायला मडकं आणि माफ करायलाही मडकंच. आता सांगा, अमक्यावर खापर फोडलं म्हणजे त्याला दोषी ठरवून मोकळे झालो हा अर्थ स्मशानातून आला की इथून? मला तरी इथूनच आला असं वाटतं. मनूत घडा उलटवलाय, फोडलेला नाही, ही हरकत नेहमी येते, पण मग विधीच्या नावातच स्फोट कसा आला ते हरकतवाल्यांनी सांगावं.

आणि अथेन्समध्ये खापर फोडायचे नाहीत, आधीच फुटलेलं वापरायचे, पण काम तेच! अख्ख्या गावाचं भांडण एका माणसाच्या नावाने खरवडायचं आणि त्याला बाहेर काढायचं. खापरांवर नावाशिवाय काय काय लिहिलंय ते वाचलं की कळतं. एकावर आहे, 'किमॉन, एल्पिनिकेला घे आणि चालू लाग'. किमॉन हा पुढारी, एल्पिनिके त्याची बहीण, आणि दोघांबद्दल गावात कुजबूज होती. मेगाक्लीज नावाच्या पुढाऱ्याला एकाने शापित म्हटलंय. कॅलियास नावाच्या एकाला मेडी म्हणजे इराणचा माणूस ठरवलंय आणि कुणीतरी वर इराणी तिरंदाजाचं चित्रही काढलंय. देशद्रोही ठरवायची हौस जुनीच आहे. आणि कार्यकर्ते पण होते: १९३७ साली अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत १९० च्या आसपास खापरं सापडली, सगळ्यांवर एकच नाव, थेमिस्टोक्लीज, आणि हस्ताक्षरं फक्त चौदा. म्हणजे लिहून तयार ठेवलेली, वाटायला. थेमिस्टोक्लीज म्हणजे सलामिसच्या समुद्रात इराण्यांना बुडवणारा, त्यालाही इ.स.पू. ४७१ च्या सुमाराला जावंच लागलं.

सहा हजारांच्या आकड्यावरून मात्र विद्वानांनी उगाच घोळ घातलाय. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क म्हणतो एकूण सहा हजार खापरं पडली तरच मतदान वैध, अथेन्सचा इतिहासकार फिलोकोरस म्हणतो एकट्या माणसाविरुद्ध सहा हजार हवीत. फिलोकोरस जुना म्हणून त्याचं खरं, असं म्हणणारे आहेत. मला प्लुटार्कच पटतो, कारण अथेन्समध्ये एकाच व्यक्तीबद्दलच्या इतर ठरावांनाही, समजा परक्याला नागरिकत्व द्यायचं असलं तरी, सहा हजारांची हजेरी लागायची. तो कोरम आहे हो, बहुमत नाही. आणि 'न्यायी' म्हणून गाजलेल्या अरिस्टायडीज या पुढाऱ्याची गोष्ट पण प्लुटार्कचीच, सगळ्यांना माहितीय, की एका अडाणी शेतकऱ्याने त्यालाच न ओळखता त्याचं नाव लिहून दे म्हटलं, का तर 'न्यायी न्यायी' ऐकून कंटाळा आलाय. खरी असो नसो, पण पुढचं कुणी सांगत नाही: इ.स.पू. ४८२ ला गेलेला अरिस्टायडीज, इराणचा राजा चालून आल्यावर दोन वर्षांत परत बोलावला गेला आणि ४७९ ला प्लातायाच्या लढाईत अथेन्सचा सेनापती होता. पेरिक्लीजचा बाप झांथिपस, तोही ४८४ ला खापरावर चढलेला, आणि ४७९ लाच मिकालेच्या लढाईत लढला. वाळीत टाकलेल्या माणसाला कुणी सेनापती करतं का?

ही पद्धत संपली ती पण मजेशीर. इ.स.पू. ४१७ ते ४१५ च्या दरम्यान निकियास आणि अल्सिबायडीज या दोन बड्या पुढाऱ्यांपैकी एक जाणार असं वातावरण होतं, दोघांनी आतून युती केली आणि आपापल्या माणसांना हायपरबोलस या तिसऱ्याच पुढाऱ्याचं नाव लिहायला लावलं. तो गेला. लोकांना एवढी लाज वाटली की असल्या फालतू माणसासाठी खापरं नव्हती असं एका नाटककाराने म्हणून ठेवलं, आणि परत कधी खापरं निघाली नाहीत.

शब्द मात्र जिवंत राहिला. आजच्या ग्रीकमध्ये एक्सोस्त्राकिस्मोसचे दोन अर्थ आहेत, एक हाच आणि दुसरा म्हणजे बंदुकीची गोळी कशावर तरी आपटून उसळणे. ६ डिसेंबर २००८ ला अथेन्सच्या एक्सार्हिया भागात पोलिसाच्या गोळीने १५ वर्षांचा अलेक्झांड्रोस ग्रिगोरोपुलोस गेला आणि देशभर दंगे झाले, तेव्हा बचाव पक्षाचा सगळा भर याच शब्दावर होता, की गोळी उसळून लागली. कोर्टाने ऐकलं नाही, २०१० साली जन्मठेप दिली. यावर ग्रीसमधले आमच्यासारखे चिकित्सक म्हणतात की गोळीसाठी एपोस्त्राकिस्मोस हवा, कारण ते जुन्या काळी पोरांच्या खेळाचं नाव होतं, चपटी खापरी पाण्यावर टप्पे घेत फेकायची. बरोबर आहे त्यांचं. आपण पण खेळलोय तो.

तर माझ्याकडून 'खापरमतदान' घ्या, आणि माणूस गेला तर 'खापराने तडीपार'. बहिष्कार राहिला की. तो तर नकोच, बहिष्कार घातलेला माणूस त्याच गावात समोर फिरत असतो.