कठीण काळात सामूहिक कला खरोखर आशा देऊ शकते का?

लोकांनी मिळून केलेल्या कलेमुळे संकट टळत नसेल, तर तिचा उपयोग काय, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते तो उपयोग कलाकृती पूर्ण होण्याआधीच, माणसे ती करण्यासाठी एकत्र बसतात तेव्हाच सुरू होतो. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची मुले, पती वा भाऊ बेपत्ता झाले, अशा सान्तियागोमधील अनेक स्त्रिया चर्चच्या आश्रयाने जमून गोणपाटावर जुन्या कपड्यांचे तुकडे शिवू लागल्या. ‘आर्पिएरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या कापडी चित्रांत पोलिसांची दडपशाही, आप्तांचा शोध, वस्तीतले सामूहिक स्वयंपाकघर असे रोजचे वास्तव असे, आणि तरीही मागे आन्दीज पर्वतावर पुष्कळदा लख्ख सूर्य शिवलेला असे. तो सूर्य मला फार मोलाचा वाटतो. ही चित्रे परदेशात विकली जात, त्यामुळे घरात थोडे पैसे येत आणि दडपलेली हकीकत जगापर्यंत पोहोचे. अमेरिकेतही १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या हिरवळीवर एड्सच्या बळींची स्मृती-गोधडी अंथरली गेली. तिच्यात १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा साधारण थडग्याएवढा, ३ बाय ६ फुटांचा, आणि मृताचे नाव बहुधा त्याच्या जिवलगांनीच त्यावर शिवलेले होते.