अमेरिकेचा ड्यूक एलिंग्टन तर जॅझ बँड चालवायचा, मग त्याला एवढा थोर संगीतकार का म्हणतात?

कारण त्याच्या बाबतीत ही दोन कामं वेगळी नव्हतीच. जुन्या नाटक मंडळीत हाताशी असलेले नट पाहून भूमिका लिहीत, तसा एलिंग्टन वादक पाहून सूर लिहायचा. वादकांपुढच्या कागदावर कित्येकदा वाद्याऐवजी माणसाचंच नाव असे.

'मूड इंडिगो' (१९३०) ऐका. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझच्या रिवाजाप्रमाणे क्लॅरिनेट वर बागडायचं, ट्रंपेट मधे चाल धरायचं, ट्रॉम्बोन खाली. एलिंग्टननं उतरंडच फिरवली. म्यूट (आवाज दबका करणारी टोपी) लावलेलं ट्रंपेट वर, त्याला खेटून तसंच ट्रॉम्बोन आणि क्लॅरिनेट पार तळाला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खालचा तो जाडसर सूर क्लॅरिनेटचा आहे हे मला ओळखताच आलं नव्हतं.

जन्म १८९९, वॉशिंग्टन. १९२७ पासून न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कॉटन क्लब या नाइटक्लबात: मंचावर काळे कलावंत, टेबलांवर गोरी गिऱ्हाइकं. तिथल्या रेडिओ प्रक्षेपणानं नाव देशभर झालं. पुढे मोठे बँड परवडेनासे होऊन मोडत गेले, तरी यानं आपला मोडला नाही. गाजलेल्या गाण्यांची रॉयल्टी त्यात ओतत राहिला. लिहिलेलं लगेच ऐकायला मिळावं, एवढ्यासाठी! बॅरिटोन सॅक्सोफोनवाला हॅरी कार्नी १९२७ मध्ये आला तो शेवटपर्यंत राहिला.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बँडची ओळख ठरलेलं 'टेक द ए ट्रेन' एलिंग्टनचं नाही, त्याचा सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्नचं आहे. जवळपास तीस वर्षं दोघांनी मिळून लिहिलं आणि श्रेय बहुतेक एकाच्याच नावावर जमा होत गेलं.

१९६३ मध्ये अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर हा बँड भारतातही आला, मुंबईतही वाजला. त्या दौऱ्यातून 'फार ईस्ट सूट' ही रचनांची मालिका झाली. त्यातली 'ब्लूबर्ड ऑफ देल्ही' ही रचना एका मैनेच्या शिळेवरून सुचलेली.

१९६५ मध्ये परीक्षकांनी शिफारस करूनही पुलित्झर पुरस्काराच्या मंडळानं त्याला विशेष सन्मान नाकारला. सहासष्ट वर्षांचा एलिंग्टन म्हणाला, नियतीला मी इतक्या लहान वयात प्रसिद्ध व्हायला नको आहे! सन्मान मिळाला १९९९ मध्ये, मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

आज त्याच्या रचना जगभरचे बँड वाजवतात. सूर तेच असतात, पण त्याच्या बँडमधल्या जॉनी हॉजेससाठी लिहिलेली ओळ दुसऱ्या कुणी अल्टो सॅक्सोफोनवर वाजवली की लगेच कळतं, इथे कुणीतरी गैरहजर आहे.