किनाऱ्यावरचा डास आणि फुलपाखरू: आधी एवढंच बघ

भावा, डास आणि फुलपाखराची तुलना शिकायचीय ना, मग सोलापुरात बसून किनाऱ्यावरच्या जाती कशा बघू म्हणून अडू नकोस, हात घरीच बसव. क्युलेक्स सिटिएन्स हा मचूळ पाण्यातला डास, तो इथं नाही भेटणार, पण त्याचा भाऊबंद उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत सापडतोच की. वाटीत पाणी घे, अळी डोकं खाली करून लटकलेली दिसेल, शेपटाकडच्या नळीनं श्वास घेते, सावली पडली की गपकन तळाला (बघून झालं की पाणी मातीवर ओत, उगं डास पाळू नको).

फुलपाखरू सॅल्मन अरब घे, त्याची अळी पिलू नावाच्या झाडाच्या पानांवर वाढते, पिलू खाऱ्या जमिनीतही तगतो म्हणून ते किनाऱ्यालगत दिसतं, कोरड्या भागातही.

नवीन माणसं चुकतात ते इथं:
– डासाची अळी आणि उडणारं फुलपाखरू अशी तुलना. अवस्था सारखीच घे, दोघांच्याही 4 आहेत. कोषात खरी मजा, फुलपाखराचा चिकटून गप्प, डासाचा पाण्यात कोलांट्या मारतो.
– खवले फक्त फुलपाखराला असतात असं धरणं. भिंग लाव, डासाच्या पंखाच्या शिरांवर दिसतील.
– मोबाइलच्या एका फोटोवरून डासाची जात ठोकून देणं.

शिरांचे नकाशे, डीएनए वगैरे सध्या राहू दे.